फुंकून बसवलेली नळी

नागपूर सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझी गाडीची डिक्की तीनदा तपासून झाली होती. पुतणीचा नवरा दारात उभा राहून हसत होता. "काका, कुलूप लागलंय," तो म्हणाला. हसू दे बापडा. तीस वर्षं नाशिकच्या जकात नाक्यावर काढलेला माणूस आहे मी. कोथिंबिरीच्या जुड्यांखालून काय काय निघतं ते या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर वऱ्हाडाच्या गाडीत खुद्द नवरदेव साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मुंडावळ्या सावरत होता. तेव्हापासून समोरचा हसला की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो. आमच्या मंदाला, म्हणजे बायकोला, हे आवडत नाही असं ती म्हणते. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशातली गत. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायला ती माझ्याकडूनच शिकली.

आम्ही निघालो होतो फुलसावंगीला. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं मोठं गाव. तिथे मंदाच्या मावसभावाने घर बांधलं होतं आणि शनिवारी दुपारी वास्तुशांत होती. आज गुरुवार. वाटेत पांढरकवड्याला मुक्काम करायचा, केळापूरच्या देवीचं दर्शन घ्यायचं, जंगलाचा रस्ता बघायचा आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आरामात पोचायचं, असा बेत होता.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. यवतमाळचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं आणि चांगल्या बातमीसाठी कधीच यायचं नाही. नाशिकला शेजाऱ्यांनी विचारलंही होतं, "तिकडे कशाला जाताय आता?" त्यामुळे जिल्ह्याची हद्द लागली तसा मी काचा वर केल्या. बाहेर बघतो तर काय, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. कापसाच्या गाड्या वरपर्यंत भरून जातात, त्यांचा कापूस काट्यांना अडकून राहतो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) आणि तिच्यात वाकलेल्या बायका.

मंदाने गाडी थांबवायला लावली. वास्तुशांतीला समईच्या वाती आपल्या हातच्या न्यायच्या असं तिने ठरवलं होतं, आणि त्याही इथल्याच ताज्या कापसाच्या. ती बांधावर गेली. एक बाई ओटीतला कापूस सावरत पुढे आली आणि आमच्या गाडीकडे बघून म्हणाली, "फोटो काहाडाले आले का? काल दोघं येऊन गेले."

"नाही हो, वातींसाठी मूठभर कापूस हवा होता."

"कोण्या कंपनीचे तुमी?"

"कंपनी कसली? नाशिकचे. पाहुणे आहोत."

बाईने मंदाला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं. विश्वास बसला नाही हे स्पष्ट दिसत होतं. तरी तिने दोन्ही मुठी भरून कापूस मंदाच्या पदरात टाकला आणि पैसे काही घेतले नाहीत. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "फुकट दिला म्हणजे किडका असणार." मंदा सरकी (कापसातलं बी) वेगळी करत वाती वळायला लागली आणि पुढचे दोन दिवस तिचे हात थांबले नाहीत.

करंजीच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली. पाय दाबला की दम लागल्यासारखी थांबायची, मग एकदम उडी मारायची. माझी गाडी जुनी असली तरी घरच्यासारखी सांभाळलेली होती, असा हट्ट तिने कधी केला नव्हता. मला लगेच नागपूरचा पेट्रोलवाला आठवला. भेसळ! पण आता त्याला धरायला मागे कोण जाणार? रखडत रखडत, मागून येणाऱ्या हैदराबादच्या ट्रकांच्या शिव्या खात आम्ही दुपारी पांढरकवड्यात शिरलो.

तिथे मी तिघांना वेगवेगळं गाठून मिस्त्री कोण चांगला ते विचारलं. तिघांना अशासाठी, की एकाचं कमिशन असू शकतं. तिघांनी एकच नाव सांगितलं, इस्माईल मिस्त्री. म्हणजे तिघांचं कमिशन आहे, अशी मी खूणगाठ बांधली.

गॅरेज म्हणजे टिनाचं एक छप्पर, समोर लिंबाचं झाड आणि झाडाखाली लाकडी बाक. पुढे आला तो इस्माईल मिस्त्रींचा मुलगा, जावेदभाई. चाळिशीचा, दणकट, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन दोनदा चालवून पाहिलं आणि म्हणाला, "कार्बोरेटर कचऱ्यानं भरून राह्यलं साहेब. पंपाचा पडदाबी गेला असन. उद्या सकाळी खोलू."

"आजच नाही का होणार?"

"आज दोन जीपा आहे पहिल्या. लॉजवर थांबा, उद्या दुपारी गाडी घेऊन जा."

तेवढ्यात आतून इस्माईल मिस्त्री आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा दोरीने डोक्यामागे बांधलेला. त्यांनी बघण्याऐवजी इंजिनावरून हात फिरवला. एकेक नळी, एकेक नट बोटांनी चाचपत गेले. मला ते काही पटेना. मी जावेदभाईला बाजूला घेऊन म्हटलं, "यांना दिसतं का नीट? माझ्या गाडीला तुम्हीच हात लावा."

जावेदभाईने आवाज खाली आणला. "अब्बांचे डोळे अधू झाले, खरं आहे. पण त्याईचा हात माह्यापेक्षा चांगला आहे. मागल्या महिन्यात एका जीपचा नट ढिला राह्यला तं घरात बोलणं झालं. ठरलं आमचं. आता एक चूक झाली का अब्बा घरी बसन. त्याईनंच कबूल केलं." मग म्हणाला, "पाना हातात नसला तं जेवत नाई ते. म्हून मी काई बोलत नाई."

दुसऱ्याच्या घरची अडचण ऐकली की माणसाने विरघळावं. मी नाही विरघळलो. माझ्या मनात आलं, म्हणजे चूक झाली तर ढकलायला म्हातारा तयारच ठेवलाय.

लॉजवर मालकाने वही पुढे केली. येण्याचं कारण या रकान्यात मी 'वास्तुशांत' लिहिलं. त्याने ते वाचून विचारलं, "सर्व्हे नाई ना?"

"कसला सर्व्हे?"

"नाई, खूप येते आजकाल. कोणी इचारते किती पेरलं, कोणी इचारते कोणतं बियाणं. म्हून इचारलं."

म्हणजे हे सगळं गाव माझ्यावर नजर ठेवून होतं आणि मी गावावर! त्या दिवशी जेवायला मात्र झणझणीत पाटवडी रस्सा मिळाला, ज्वारीची भाकरी आणि वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर बरं का, नाहीतर तुम्ही इडली शोधाल.

शुक्रवारी सकाळी आठला मी बाकावर जाऊन बसलो. मंदाही आली, कापसाची पिशवी घेऊन. बापलेकांनी कार्बोरेटर काढलं, परातीत पेट्रोल घेऊन एकेक तुकडा ब्रशने धुतला. पंप खोलून नवा पडदा घातला. इस्माईल मिस्त्री प्रत्येक नळी तोंडात धरून फुंकत होते. फुंकायची, कानाशी धरायची, बोट फिरवायचं आणि मग बाजूला ठेवायची. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "माह्या उस्तादनं सांगतलं होतं साहेब, नळी फुंकल्याबिगर बसवायची नाई. इंजिनाले तीनच गोष्टी लागते. पेट्रोल, हवा अन् करंट. तिघांतला एक रुसला का बसली गाडी."

मी मान हलवली. पण माझं लक्ष होतं खाली. टाकीकडून येणारी नळी त्यांनी खाली सोडली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पेट्रोल एका काचेच्या बाटलीत पडत होतं. माझ्या टाकीतलं पेट्रोल! त्यांच्या बाटलीत!

साडेबाराला बापलेक हात धुवायला लागले. "जुम्मा आहे," जावेदभाई म्हणाला. "नमाज पढून येतो. तासाभरात बसवून देतो." दुकानाला कुलूप नाही, काही नाही. नुसते निघून गेले. मलाही फुलसावंगीला फोन करायचा होता. मी मंदाला म्हटलं, "इथेच बस. हलू नकोस. आणि त्या बाटलीवर लक्ष ठेव, भरली की लंपास करतील."

एसटीडी बूथवर लाईन लागायला अर्धा तास गेला. बूथवाल्याने माझं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग कंपनीचे नाई तुमी?" मी फोन आदळलाच. परत आलो तेव्हा बापलेक आले होते. मंदाला मी लॉजवर पाठवून दिलं, ऊन फार झालं होतं. जावेदभाईने ती बाटली उचलली आणि माझ्यादेखत टाकीत रिकामी केली. दाखवायला करतोय, मी मनात म्हटलं.

कार्बोरेटर त्याने बसवलं. नळ्या इस्माईल मिस्त्रींनी बसवल्या. प्रत्येकीच्या तोंडावरून त्यांनी बोट फिरवलं, क्लिप आवळली. मग जावेदभाईने किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. सुरू काही झालं नाही.

"पंप भरून राह्यला," जावेदभाई म्हणाला. पुन्हा किल्ली. पुन्हा. पुन्हा. मी बाकावरून उठलो. काल गाडी आचके देत का होईना, चालत आली होती. आज दुरुस्त झाली आणि मेली!

"काय झालं?"

"पाहून राह्यलो ना साहेब."

त्याने एक प्लग काढला, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. टक टक निळी ठिणगी पडली. "करंट आहे." हवेची गाळणी काढून पाहिली. "हवाबी आहे." मग परातीतलं पेट्रोल बाटलीच्या झाकणात घेऊन ते थेट कार्बोरेटरच्या तोंडात ओतलं. "मारा." मी मारली आणि गाडी धडाडून सुरू झाली! मी सीटवर उडालोच. चार-पाच दम घेतले आणि गप्प. पुन्हा ओतलं, पुन्हा चार दम, पुन्हा गप्प.

"पेट्रोल येऊन नाई राह्यलं," इस्माईल मिस्त्री म्हणाले.

"कसं येईल?" मी म्हटलं. "तुमच्या बाटलीत गेलं ना!"

जावेदभाईने माझ्याकडे पाहिलं. टाकीचं झाकण उघडलं आणि एक काडी आत बुडवून मला दाखवली. काडी निम्म्याहून वर ओली होती. मी म्हटलं, काडी तुमचीच आहे. तोपर्यंत शेजारचा चहावाला आला होता, पंक्चरवाला आला होता, दोन ट्रक ड्रायव्हर उभे होते. माणसं जमली की माझ्यातला नाकेदार जागा होतो. मी मोठ्याने म्हणालो, "काल चालत आलेली गाडी आज बंद कशी पडते? चांगला पंप काढून दुसरा घातलाय यांनी. बाहेरचा माणूस बघून गाडी अडकवायची, हे धंदे मी तीस वर्षं पाहिलेत."

"साहेब, तोंड सांभाळा," चहावाला म्हणाला.

"बोलू द्या त्याईले," इस्माईल मिस्त्री म्हणाले. "गाडी बंद आहे. बोलनच."

त्यांनी पंप पुन्हा खोलायला लावला. पडदा ठीक होता. मग जावेदभाईने टाकीकडची नळी सोडवली आणि तोंडात धरून फुंकली. गाल फुगले, डोळे लाल झाले, हवा काही जाईना. त्याने तार घेऊन नळीत खुपसली, फिरवली आणि हळूच ओढली. तारेच्या टोकाला पेट्रोलने पिवळा-काळा झालेला एक ओला गोळा बाहेर आला. त्याने तो तळहातावर घेऊन चिमटीने उलगडला. कापूस होता.

पंक्चरवाला म्हणाला, "कापूस तं हवेत उडून राह्यला सध्या. गेला असन." पण हवेतला कापूस असा घट्ट बोळा होऊन बसत नाही हे सगळ्यांना कळत होतं.

"अब्बा," जावेदभाई म्हणाला. तो आता मराठीत बोलत नव्हता. "नली किसने बिठाई?"

"मैंने."

"फूँकी थी?"

"फूँकी थी," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुबह फूँकी थी." मग त्यांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. "बेटा, याद नहीं आता."

जावेदभाईने नळी पुसली, बसवली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि अगदी गुण्यागोविंदाने चालत राहिली. इस्माईल मिस्त्रींनी रॉकेलने हात धुतले, साबणाने धुतले, कोपरापर्यंत. रोजचा पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवला, पेटी मुलाच्या पायाशी सरकवली आणि कोणाकडेही न बघता रस्त्याला लागले. मजुरी द्यायला गेलो तर जावेदभाईने हात मागे घेतला. "चूक आमची. नाई घेत."

मी काय केलं? चहावाल्याकडे वळून म्हणालो, "बघितलंत? मी म्हणत नव्हतो?"

लॉजवर आल्यावर मी मंदाला सगळं रंगवून सांगितलं. बोळा कसा निघाला, म्हातारा कसा गडबडला, माझा संशय कसा खरा ठरला. ती ऐकत होती. ती जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. उन्हात बसवलं मी तिला, दुखणारच.

शनिवारी सकाळी लवकर निघालो. घाटंजीकडचा रस्ता फार सुंदर आहे. सागाची मोठमोठी पानं सुकायला लागलेली, मधेच एखादं कोलाम आदिवासींचं गाव, शेणाने सारवलेल्या भिंती, अंगणात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा. गाडी मध घातल्यासारखी चालत होती. मी शीळ घालत होतो. घाटंजी मागे पडलं, आर्णीचा रस्ता लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मंदाच्या मांडीवर कापसाची पिशवी तशीच आहे आणि तिचे हात थांबलेत.

"वाती झाल्या का?"

"अहो," ती म्हणाली. "तो बोळा मी घातला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही फोनला गेलात ना, तेव्हा. बाटली भरत आली होती. तुम्ही म्हणाला होतात, भरली की लंपास करतील. मग मी एक जाड वात वळली आणि नळीत घातली, गळणं थांबावं म्हणून. बाहेर राहिली असती तर त्यांना कळलं असतं, म्हणून केसातल्या आकड्याने आत ढकलली. तुम्ही आलात की तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही काढायची, असं मनात होतं. तुम्ही आलात ते 'जा, जा, ऊन लागेल' करत मला हाकललंत. मी विसरले. अगदी साफ विसरले हो."

"आणि काल? काल का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी गाडी कडेला घेतली. खरं सांगतो, मागे जावं असं मला वाटलं नाही. मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. गाडी चालतेय, वास्तुशांत बाराला आहे, मागे गेलो तर पूजा चुकणार. आणि त्या चहावाल्यासमोर जाऊन उभं राहायचं? मी तसं म्हटलंही. "म्हाताऱ्याला दिसत नाहीच ना नाहीतरी. आज ना उद्या चुकलाच असता."

मंदाने डोळे पुसले. दार उघडलं आणि खाली उतरली.

"कुठे चाललीस?"

"तुम्ही व्हा पुढे. मी एसटीने मागे जाते. त्यांनी पाना पेटीत ठेवला असं तुम्हीच सांगितलंत ना मला? हसत हसत सांगितलंत."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने असा आवाज कधी काढला नव्हता. मी गाडी वळवली. पांढरकवडा येईपर्यंत मला जी लाज वाटली, तशी जन्मात वाटली नव्हती.

गॅरेजवर जावेदभाई एकटाच होता. आमची गाडी बघताच त्याचा चेहरा पडला. "आता काय झालं?"

"गाडी ठीक आहे. तुमचे वडील कुठे आहेत?"

"घरी बसले. काहून? अजून काई बोलायचं राह्यलं का?"

मंदाने त्याला सांगितलं. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं हा आता मला मारणार, आणि मारलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. पण त्याने हातातलं फडकं टाकलं आणि पुढे चालायला लागला. आम्ही मागोमाग.

मशिदीमागच्या गल्लीत घर होतं. इस्माईल मिस्त्री ओसरीतल्या खाटेवर बसले होते. समोरचं ताट झाकलेलंच होतं. चष्मा काढून उशीशी ठेवला होता. मंदा खाली जमिनीवर बसली आणि तिने हात जोडून पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझा संशय, बाटली, वात, आकडा. काही लपवलं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा घातला आणि विचारलं, "ताई, आत कितीक ढकलला?"

"अख्खा आकडा गेला आत."

"पाहू."

मंदाने केसातला आकडा काढून दिला. त्यांनी तो बोटाशी धरून मोजला, पहिल्या पेराशी, दुसऱ्या पेराशी. "एवढा आत," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग बोटाले कसा लागन? नाईच लागणार." पुन्हा एकदा मोजलं. "अन् नमाजच्या टायमाले घातला. म्हणजे मी सकाळी फुंकली तवा नळी साफ होती."

"साफ होती," मंदा म्हणाली. "मी बघत होते. तुम्ही फुंकलीत आणि कानाला लावलीत."

इस्माईल मिस्त्री खाटेवरून उठले, भिंतीला धरून उभे राहिले आणि दारातल्या मुलाला म्हणाले, "जावेद, मैंने फूँकी थी."

"हाँ अब्बा."

"फूँकी थी मैंने."

"हाँ अब्बा," जावेदभाई म्हणाला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. "माफ करो."

मी पुढे होऊन माफी मागायला लागलो. चोर म्हणालो, चारचौघांत म्हणालो, चुकलो. त्यांनी मला मधेच थांबवलं. "त्याचं काई नाई साहेब. बाहेरचा माणूस म्हणते, अन् निघून जाते. लोकाईले मी मालूम आहे. पण रातभर मी मलेच इचारून राह्यलो, इस्माईल, फुंकली का नाई फुंकली? अन् मले सांगताच नाई आलं. तुमी आज आले नसते तं मी हेच समजत मेलो असतो का माह्या हातानं धोका देल्ला."

मग त्यांनी सुनेला हाक मारली, आमच्यासाठी चहा सांगितला आणि स्वतःसाठी ताटावरचं झाकण काढलं. आमच्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या. जावेदभाई पेटी आणायला गॅरेजवर गेला होता.

निघताना मी चहावाल्याच्या टपरीवर गेलो आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की बोळा आमचाच होता. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी हळूच पुटपुटलो होतो. चहावाला म्हणाला, "आमाले मालूम होतं." फुलसावंगीला पोचलो तेव्हा पूजा आटोपून पंगती उठत होत्या. मंदाच्या वाती दुसऱ्या दिवशी लागल्या. मावसभाऊ जरा रुसला, मग निवळला.

नाशिकला परत आलो तसे शेजारी जमले. प्रवास कसा झाला, जंगल कसं आहे, कापूस दिसला का, सगळं विचारून झालं. मग एकाने मला जवळ ओढून हळूच विचारलं, "आणि माणसं कशी आहेत हो तिकडची? विश्वासाची आहेत का?" पूर्वीचा मी असतो तर अर्धा तास बोललो असतो. मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हटलं, "मला नका विचारू. मी तिकडच्या एकाच माणसाला नीट ओळखतो, आणि त्याला मी चोर ठरवून आलोय."